सहा जण कमी

१

उद्यानाचं गेट साडेसहाला उघडायचं आणि ताई सहालाच येऊन बसायची. एकोणीस वर्षांत हा नेम चुकला असेल तर आजारपणात, तेवढाच. ती कुणा एकाची ताई नव्हती. तिकीटखिडकीवरचा कारकून, जीपचे ड्रायव्हर, बावीसच्या बावीस गाइड, सगळ्यांचीच ती ताई. आज कुठल्या गटाबरोबर कोण जाणार ते ती ठरवी, नव्या गाइडांना तीच तयार करी, आणि एखादा पाहुणा 'आम्ही कोण आहोत माहीत आहे का' म्हणून आवाज चढवू लागला की त्याच्याहून वरच्या पट्टीत तीच बोले.

त्या दिवशी सकाळी दोन गट पाणवठ्याच्या वाटेने गेले, त्यांच्याबरोबर दोन गाइड गेले. कड्याच्या वाटेला गाइड लागत नाही. ती वाट आखीव, सोपी, तासाभराची. तिच्या टोकाला चुन्याने रंगवलेला एक मोठा दगड आहे, तिथून लोकांनी माघारी फिरायचं. दगडाच्या पलीकडे जायला सगळ्यांनाच बंदी, तशी पाटीही आहे.

साडेनऊच्या सुमारास एक वयस्क जोडपं कड्याच्या वाटेने बाहेर आलं. बाई बहुधा शिक्षिका असाव्यात, कारण पाण्याची बाटलीसुद्धा त्यांनी छडीसारखी धरली होती. त्या थेट ताईच्या टेबलापाशी आल्या.

"तुमच्या गाइडांचं कौतुक करायचंय. फार मनापासून सांगतात हो."

"कुठल्या वाटेने गेला होतात तुम्ही?"

"ही काय, कड्याची."

"तिकडे गाइड नसतो, बाई."

"नसतो कसा? आम्हाला पहिल्या वळणावरच भेटले की. अगदी शेवटपर्यंत पुढे चालत होते. बोलतात कमी, पण बोलतात ते नेमकं." बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "काय हो, नंबर काय होता त्यांच्या जाकिटावर?"

"चौदा," नवरा म्हणाला. "पाठीवर होता. तेवढंच तर दिसत होतं. एकदासुद्धा मागे वळला नाही पठ्ठ्या."

ताईच्या हातातलं पेन जागच्या जागी थांबलं.

चौदा नंबरचं जाकीट तिच्या धाकट्या भावाचं होतं. सात आठवड्यांपूर्वी तो ते घालून आत गेला होता आणि परत आला नव्हता.

२

तिला भीती वाटली नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. कुणातरी भुरट्याला जंगलात ते जाकीट सापडलंय, आणि ते अंगावर चढवून तो पर्यटकांना टोप्या घालतोय. जाकीट सापडलंय म्हणजे त्याला धाकटाही सापडला असणार. मेलेल्या माणसाच्या अंगावरून ओढून काढलं का याने ते? 'मेलेल्या' हा शब्द आपल्याच मनात आलेला पाहून ती आणखी भडकली, आणि त्याच तिरीमिरीत साहेबांच्या खोलीत शिरली.

साहेब म्हणजे उद्यानाचे मुख्य अधिकारी. खोली मोठी, टेबलावर काच, भिंतीवर जंगलाचा एक नकाशा आणि बाकी सगळीकडे बड्या पाहुण्यांबरोबर हसणारे साहेब. धाकट्याचा शोध याच खोलीतून चालला होता, पाच दिवस. सहाव्या दिवशी पर्यटनाचा हंगाम सुरू होत होता, म्हणून शोध बंद. 'सदर गाइड विनापरवानगी, एकटाच, बंदी असलेल्या भागात गेला' असं साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहून वर पाठवलं होतं. ते वाक्य ताईला तोंडपाठ होतं. धाकटा दगडापलीकडे एकटा जाणं शक्यच नव्हतं. त्याला तिने शिकवलं होतं.

"साहेब, कड्याच्या वाटेवर एक भामटा फिरतोय. माझ्या भावाचं जाकीट घालून."

"बसा ना, ताई."

"बसायला नाही आले मी. दोन माणसं द्या, आत्ता मुसक्या बांधून आणते त्याला."

साहेबांनी शांतपणे खण उघडून अभिप्रायाची वही काढली. पर्यटक जाता जाता तिच्यात चार ओळी लिहून जातात. "पंधरा दिवसांत अकरा जणांनी चौदा नंबरचं नाव काढलंय. एक तक्रार नाही. तुमच्या बाकीच्या एकवीस जणांचं मिळून एवढं कौतुक नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"भामटाबिमटा कुणी नाही, ताई. तुमचा भाऊच आहे तो. काहीतरी बिनसलंय त्याचं, घरी येत नाही. पण काम करतोय ना बिचारा?" साहेबांनी हजेरीचं रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. चौदाव्या ओळीत रोज एक 'ह' होता, निळ्या शाईचा, वळणदार, हजरचा. "पाहुणे सांगतात होता, मी लिहितो हजर. वरच्या ऑफिसलाही तसं कळवून टाकलं."

ताईला आधी हे वेडेपण वाटलं. मग हळूहळू त्यातली मेख लक्षात आली. हजर माणूस हरवलेला नसतो. हजर माणसाची चौकशी होत नाही, तो कुणाच्या सांगण्यावरून कुठे गेला होता हे कुणी विचारत नाही. एका अक्षरात साहेबांनी स्वतःची मान सोडवून घेतली होती.

"तुम्ही एकदा तरी गेलात का तिकडे, बघायला?"

"मला हजार कामं असतात, ताई."

तिने वही उचलली आणि न विचारता बाहेर पडली. दार तिने एवढ्या जोरात आपटलं की व्हरांड्यात झोपलेलं कुत्रं उठून पळालं.

३

घर एकच होतं. पुढच्या दोन खोल्यांत ताई, मागच्या दोन खोल्यांत धाकटा आणि त्याची बायको, मध्ये स्वयंपाकघर सामायिक. धाकट्याची बायको शिवणकाम करायची. या सात आठवड्यांत तिचं मशीन दिवसभर चालू असे, आणि ते थांबलं की घरात जी शांतता पसरे ती ताईला सहन होत नसे.

तिला काहीच न सांगता ताई वही घेऊन खिडकीपाशी बसली. अकरा अभिप्राय, अकरा निरनिराळी अक्षरं. भामट्याचा काहीतरी माग लागेल म्हणून ती एकेक ओळ बोट ठेवून वाचत होती. 'उत्तम माहिती.' 'नम्र स्वभाव.' 'चेहरा पाहायचा राहून गेला, फोटोतही पाठच आली आहे.' आणि चौथ्या अभिप्रायात, 'वारूळ नेहमी सकाळच्या उन्हाकडे पाठ करून बसतं, ही गंमत आम्हाला प्रथमच कळली.'

ताईने वही मिटली. पुन्हा उघडली. सातव्या अभिप्रायात वारूळ. नवव्यातही.

वारुळाला पाठ नसते आणि पोटही नसतं. ती निव्वळ थाप होती, आणि ती ताईची होती. धाकटा नवीन असताना त्याची परीक्षा घ्यायला तिने ती मारली होती. त्याने ती खरी मानून एका प्राध्यापकाला सांगितली आणि सपाटून हसं करून घेतलं. तेव्हापासून त्याचा एक खेळच झाला होता. ताई ऐकू येण्याच्या अंतरावर असली, की तो मुद्दाम ती थाप पाहुण्यांना सांगायचा. तिला डिवचायला. ती जवळ नसली तर कधीच नाही.

दुसऱ्या कुणाला ही गोष्ट माहीत नव्हती. त्याच्या बायकोलासुद्धा.

भामट्याने कुठूनतरी ऐकली असेल, ताईने स्वतःला समजावलं. धाकटा बोलला असेल कुणाजवळ. माणूस बोलतो. पण त्यातली वाईट गोष्ट वेगळीच होती. या अकराच्या अकरा दिवशी ती गेटवर होती, कोसभर लांब. मग सांगणाऱ्याला ती जवळ आहे असं का वाटत होतं?

जवळजवळ प्रत्येक अभिप्रायाच्या शेवटी आणखी एक गोष्ट होती. शब्द इकडेतिकडे, पण मजकूर तोच. दगडापाशी गाइडने आम्हाला मोजलं, म्हणाला, सहा जण कमी आहेत, तुम्ही व्हा पुढे. आणि स्वतः दगडापलीकडे गेला.

कुणी दोघं होते, कुणी पाच जण, एक गट तर चौदांचा होता. कमी मात्र दर वेळी सहाच.

"काय वाचताय, ताई?" मागून धाकट्याच्या बायकोने विचारलं. मशीन कधी थांबलं होतं ते ताईला कळलंच नव्हतं.

"काही नाही गं. ऑफिसचं आहे."

४

दुसऱ्या दिवशी तिने टेबलावर दुसऱ्या गाइडला बसवलं आणि कड्याच्या वाटेला लागली. हातात काठी. काठी भामट्यासाठी होती. तिने ठरवलंच होतं, आधी दोन तडाखे, मग चौकशी.

तिच्या पुढे पन्नासएक पावलांवर चौघांचं कुटुंब चाललं होतं. आईवडील आणि दोन कॉलेजातल्या मुली. ऊन चांगलं वर आलं होतं. पानगळीचे दिवस, वाटेच्या दोन्ही बाजूंना घोट्याइतका पाचोळा, सरडा गेला तरी वाजेल असा. पहिलं वळण आलं. चौघं वळणाआड गेली. ताई वळण घेऊन पुढे आली तेव्हा ती पाच होती.

पाचवा कुठून आला ते तिला दिसलं नाही. पाचोळा वाजला नाही. तो आधीपासूनच तिथे असल्यासारखा सगळ्यांच्या पुढे चालत होता. खाकी जाकीट, पाठीवर चौदा. चालताना डावा खांदा जरा खाली.

लहानपणी झाडावरून पडला तेव्हापासून धाकट्याचा डावा खांदा असाच खाली होता.

सोंग आहे, ताई स्वतःला म्हणाली. खांद्याचं सोंग कुणालाही करता येतं. तिने काठी घट्ट धरली आणि पावलं उचलली. पण अंतर कमी होईना. ती भरभर चालली तरी पन्नास पावलं, हळू चालली तरी पन्नास पावलं.

मोठ्या वारुळापाशी तो थांबला आणि हात करून मुलींना काहीतरी सांगू लागला. एवढ्या लांबून ऐकू यायला नको होतं. पण आवाज तिच्या अगदी कानाशी आला, हसू दाबून बोलल्यासारखा. "वारूळ आहे ना, ते नेहमी सकाळच्या उन्हाकडे पाठ करून बसतं."

काठी तिच्या हातातून गळून पडली. तिला ओरडायचं होतं. मेल्या, कुठे होतास, घरी बायको झुरणीला लागलीय, चल मुकाट्याने. एवढं सगळं तोंडापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. अंगातली कसलीतरी शहाणी शक्ती तिला बजावत होती, हाक मारू नकोस. हाक मारलीस तर तो वळून बघेल.

दगडापाशी त्याने त्या चौघांना मोजलं. मागे न बघताच. उजवा हात खांद्यावरून मागे आला आणि तर्जनी एकेकावर टेकल्यासारखी हवेत टेकत गेली. एक, दोन, तीन, चार. मग ते बोट लांब झाडाआड उभ्या असलेल्या ताईवर आलं, थोडं थांबलं, आणि ती त्यांतली नव्हेच असं पुढे सरकलं.

"सहा जण कमी आहेत," तो म्हणाला. आवाज दमलेला, काळजीत पडलेला. "तुम्ही व्हा पुढे. मी बघून येतो."

आणि तो दगडापलीकडे गेला.

चौघं हसतमुखाने माघारी आली. "छान आहेत हो गाइड," आई ताईला म्हणाली. ताई धावत दगडापाशी पोचली. पलीकडचा पाचोळा जसा पडला होता तसाच होता, फुगीर, कोरा. त्यातलं एकही पान दबलेलं नव्हतं.

५

सहा. तिला रात्रभर तो आकडा टोचत राहिला. धाकट्याचा शेवटचा गट किती जणांचा होता? कागदावर तर गटच नव्हता. तो एकटा गेला होता म्हणे.

सकाळी ती जीप धुण्याच्या शेडमध्ये गेली. साहेबांच्या जीपचे ड्रायव्हरकाका बादली घेऊन चाकावर पाणी मारत होते. सात आठवडे हा माणूस तिला टाळत होता आणि ते तिच्या आज ध्यानात आलं.

"काका, त्या दिवशी माझ्या भावाबरोबर सहा जण होते. हो की नाही?"

काकांनी बादली खाली ठेवली. त्यांनी 'कोण म्हणालं' असं विचारलं नाही. ते चाकाशेजारीच उकिडवे बसले आणि ओल्या हातांनी त्यांनी तोंड पुसलं.

"पाच पाहुणे, ताई. आणि सहावे साहेब."

"दगडापलीकडे?"

"पार आत. पाहुण्यांना खास काहीतरी दाखवायचं होतं. धाकटा नको म्हणत होता. साहेब म्हणाले, नोकरी प्यारी नाही का? मला जीप घेऊन मागच्या कच्च्या रस्त्यावर थांबायला सांगितलं होतं. ते सगळे तिथवर चालत आले. जीपमध्ये बसताना एका पाहुण्याच्या लक्षात आलं, दुर्बीण मागेच राहिली. साहेबांनी धाकट्याला पिटाळलं आणायला."

"मग?"

"मग पाच मिनिटं थांबलो. पाहुण्यांना जेवायला उशीर होत होता." काका चाकावरचा चिखल बोटाने खरवडू लागले. "साहेब म्हणाले, काढ गाडी. त्याला काय, जंगल म्हणजे घरचं अंगण, येईल चालत. ताई, मी गाडी सुरू केली तेव्हा तो परत आला होता. झाडीतून ओरडत होता. आम्ही त्याच्या मागे आत शिरलो आणि वाट चुकलो असं वाटलं असणार त्याला. 'साहेब, कुठे आहात, जागचे हलू नका, मी येतो,' असं ओरडत होता आमच्यासाठी. आणि आवाज आत आत चालला होता. उलट्या दिशेला."

"आणि तुम्ही?"

"मी गाडी चालवली, ताई."

ताईने नव्या गाइडांना एकच गोष्ट घोकून घ्यायला लावली होती. आपली माणसं पुरी झाल्याशिवाय गाइडने बाहेर यायचं नाही. झाडांपक्ष्यांची नावं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. धाकटा ते विसरला नव्हता. तो जेवायला निघून गेलेल्या सहा जणांना जंगलात शोधत होता. अजून.

ताईने भरलेली बादली लाथेने उडवली आणि साहेबांच्या खोलीकडे चालू लागली. त्या घटकेपासून तिच्या मनात साहेब 'ते' राहिले नाहीत. तो 'तो' झाला.

६

"ड्रायव्हरने सगळं सांगितलंय," ती दारातूनच म्हणाली. "सगळं. दुर्बिणीसकट."

साहेबाने दार लावून घेतलं. आधी तो हसला, मग चिडला, मग आवाज खाली आणून समजुतीचं बोलू लागला. ड्रायव्हर म्हातारा झालाय, त्याला काही आठवत नाही. आणि बोभाटा करून भाऊ परत येणार आहे का?

"तुम्हीच तर म्हणता तो हजर आहे," ताई म्हणाली. "रोज 'ह' लिहिता ना? चला. रजिस्टरमध्ये ज्याला हजर दाखवता त्याला एकदा डोळ्यांनी बघून या. नाही आलात तर मी आणि काका आत्ता वरच्या ऑफिसात जातो आणि तिथे बोलतो."

"ताई, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे."

"चला म्हणते ना!"

ती एवढी ओरडली की खिडकीवरचा कारकून बाहेर येऊन उभा राहिला. साहेबाने टोपी उचलली. "चला. दाखवा तुमचा भाऊ. आणि तिथे कुणी नसेल तर उद्यापासून तुम्ही गेटवर दिसायचं नाही."

भर दुपार होती. पहिल्या वळणावर कुणी नव्हतं. वारुळापाशी कुणी नव्हतं. साहेब दर दहा पावलांवर 'हं? कुठाय?' असं म्हणत होता आणि ताई चालत राहिली. तिच्या मनात आलं, खरंच कुणी नाही आलं तर? आपल्याला वेड लागलंय असं सिद्ध होईल, आणि हा हसत हसत माघारी जाईल. ती कल्पना तिला पलीकडे जे काही होतं त्याहून असह्य झाली.

दगडापाशी साहेब थांबला. रुमालाने मान पुसत म्हणाला, "झालं समाधान?"

"एक," दगडाच्या पलीकडून कुणीतरी म्हणालं.

साहेबाचा हात मानेवरच राहिला.

झाडांच्या सावलीत जाकिटाची पाठ होती. तर्जनी खांद्यावरून मागे आलेली, अचूक साहेबाच्या छातीकडे. ताईकडे ती वळलीच नाही.

"पाच कमी," धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात निव्वळ सुख होतं. "साहेब, कुठे होतात तुम्ही? किती शोधलं. दुर्बीण सापडली बघा. या."

साहेबाचा चेहरा पाहुण्यांसमोर असायचा तसा हसरा झाला होता, फक्त डोळे तसे नव्हते. डोळे ताईकडे वळले होते आणि विनवत होते. त्याचा उजवा पाय उचलला गेला आणि दगडापलीकडे पडला. मग डावा.

ताईचा हात त्याच्या बाहीपर्यंत पोचला होता. कापड बोटांना लागत होतं. नुसती मूठ मिटायची बाकी होती.

तेवढ्यात जाकिटावरची मान वळू लागली. हळूहळू, बऱ्याच दिवसांनी वळवल्यासारखी. ताईने मान खाली घातली आणि डोळे जमिनीवर रोखले. तिला साहेबाचे पॉलिश केलेले बूट पाचोळ्यात करकरत जाताना दिसले. त्यांच्या शेजारून दुसरं कुणीतरी चाललं होतं, आणि तिथला पाचोळा हलत नव्हता.

मग करकरही थांबली. तिने वर पाहिलं तेव्हा नुसती झाडं होती, आणि तिचा हात बोटं उघडी ठेवून पुढे आलेला तसाच होता.

७

साहेबाला शोधायला कोण कोण आलं! शहरातून पथकं आली, वास काढणारी कुत्री आली, दोन दिवस डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं. हंगाम ऐन भरात असताना उद्यान बंद ठेवलं. सहावा दिवस उलटला, दहावा उलटला, कुणी शोध थांबवायची भाषा काढली नाही. ताई गेटवर बसून हे सगळं बघत होती आणि आतून पेटत होती.

चौकशीत तिने सांगितलं, साहेब दगडापलीकडे गेले, मी थांबले. शब्दन् शब्द खरा होता. काकांनी धाकटा हरवला त्या दिवसाची हकीकत लिहून दिली. वरून आलेल्या अधिकाऱ्याने ती वाचली, घडी घालून फायलीत ठेवली आणि म्हणाला, "ते आपण नंतर बघू. आधी साहेब."

बाराव्या दिवशी त्याने ताईला बोलावलं. "तुमच्याइतका हा भाग कुणाला माहीत नाही. उद्या तुम्ही पुढे चला."

ती गेली. मागे चाळीस माणसं, एकामागे एक. दगड ओलांडून अर्धा तास आत गेल्यावर तिने सगळ्यांना थांबवलं आणि सवयीने मोजायला वळली. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत ती रांगेच्या शेवटापर्यंत गेली. एकोणचाळीस. चाळीस.

चाळिसाव्या माणसाच्या मागे साहेब उभा होता.

कपडे तेच, बूट मातीने माखलेले. गाल बसले होते. रांगेत उभं राहतात तसा तो उभा होता, नीट, हात बाजूला सोडून, आणि ओठ हलत होते. आवाज नव्हता. त्याच्यापुढचा माणूस पाण्याची बाटली उघडत होता, त्याला मागे कुणी असल्याचा पत्ताच नव्हता. कुत्री जमिनीला नाक लावून दुसरीकडेच हुंगत होती. साहेबाच्याही मागे, दोन झाडांच्या मधोमध, खाकी पाठ होती, आणि एक हात साहेबाच्या खांद्यावर होता. सांभाळून धरलेला. गर्दीत आपलं माणूस पुन्हा हरवू नये म्हणून धरतात तसा.

"किती झाले, ताई?" पुढच्या माणसाने विचारलं. "सगळे आहेत ना?"

साहेबाने तिला पाहिलं. ओठ भराभर हलू लागले.

तिने एक शब्द उच्चारला असता तर चाळीस माणसं मागे वळली असती. धाकट्याला सहातला एक सापडला होता, इतक्या दिवसांनी, आणि तो तिने आता त्याच्या हातातून काढून घ्यायचा होता. ज्याने पाच मिनिटंही वाट बघितली नाही त्याच्यासाठी. हेलिकॉप्टर आठवलं तिला. फायलीतली ती घडी आठवली. निळ्या शाईचे ते सगळे 'ह' आठवले, आणि तिच्या जिभेवर आलेला शब्द तिने चावून गिळून टाकला.

"चाळीस," ती म्हणाली. "सगळे आहेत. चला."

ती वळली आणि चालू लागली. मागे चाळीस माणसांचा पाचोळा वाजू लागला. त्याच्याही मागे आणखी एका जोडी बुटांची करकर बराच वेळ येत होती, घाईची, अडखळती. मग ती लांब राहिली.

त्या संध्याकाळी ताईने धाकट्याच्या बायकोला सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून, काही न वगळता. ती मशीनवर दोन्ही हात ठेवून ऐकत होती. साहेबाचं ऐकताना तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. बरं केलंत असंही ती म्हणाली नाही आणि हे काय केलंत असंही नाही.

"ताई," शेवटी तिने विचारलं, "ते फार दमलेले वाटले का हो?"

"नाही गं," ताई म्हणाली. "मजेत चालत होता."

धाकट्याच्या बायकोने मान हलवली आणि मशीन सुरू केलं.